नडगीवरचे लाल ठिपके आणि कूतचा वेढा



मराठा पलटणींच्या इतिहासात मागच्या वेळी आपण शैबाच्या लढाईपाशी थांबलो होतो. क्रमाने गेलं तर आज टेसिफॉन यायला हवं. ते पुढच्या भागात घेऊ. आज मी क्रम मोडून थेट कूतच्या वेढ्यात शिरणार आहे, आणि तेही तोफा-खंदकांच्या बाजूने नाही, एका फार बारीक गोष्टीच्या बाजूने. टाचणीच्या टोकाएवढ्या लाल ठिपक्यांच्या.

हे असं का, ते आधी सांगतो. त्यात माझं थोडं हसू होईल, पण हरकत नाही.

मी भिलाईत राहतो हे तुम्हाला माहीत आहे. वडील भंडाऱ्याकडचे. इथली पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली, त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत ते कारखान्यात लागले आणि आम्ही सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये वाढलो. मी फौजेत गेलो, मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर सगळे पुण्याला जा म्हणत असताना परत इथेच आलो. तीन वर्षांपूर्वी पत्नी गेली. मुलगी पुण्यात असते. घरात मी एकटा.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी फिरून आलो, बूट-मोजे काढले, तर दोन्ही नडग्यांवर लाल ठिपके. खाज नाही, दुखणं नाही, ताप नाही. मोज्याच्या इलॅस्टिकचे वळ असतील म्हणून सोडून दिलं. चार दिवसांनी ते गुडघ्याच्या वर गेलेले.

आता, ज्याने ऑगस्ट २०१८ भिलाईत काढला आहे, त्याला लाल ठिपका म्हटलं की एकच शब्द आठवतो. त्या महिन्यात डेंग्यूने हे शहर हलवून सोडलं होतं. खुर्सीपार, छावणी या वस्त्यांत तर घराआड रुग्ण. काही आठवड्यांत दुर्ग-भिलाईत वीसहून अधिक माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. पालिकेची माणसं घरोघर कूलरमधलं पाणी ओतून देत फिरत होती. प्लेटलेट हा शब्द तेव्हापासून इथल्या भाजीवालीलाही पाठ आहे. त्यामुळे माझे पाय पाहून शेजारच्यांनी पहिलं वाक्य काय टाकलं असेल ते सांगायला नको. त्याच संध्याकाळी रक्त दिलं. प्लेटलेट दोन लाखांच्या वर. डेंग्यू नाही.

बरं वाटायला हवं होतं. पण डेंग्यू नाही म्हटल्यावर मन आणखी वाईट जागी गेलं. आमच्या ओळखीतले एकजण अशाच ठिपक्यांनी सुरुवात होऊन रक्ताच्या कर्करोगाने गेले होते. दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं, ते मी नव्या ब्रशच्या माथी मारलं होतं. गुडघे दुखत होते, ते वयाच्या. जिना चढताना दम लागत होता, तोही वयाच्याच. रात्री दिवा लावून पाय पाहायचे, ठिपके मोजायचे. मोजून काय करणार होतो देव जाणे. मुलीला फोनवर काही बोललो नाही.

इथे एक उपयोगाची गोष्ट सांगून पुढे जातो. लाल ठिपक्यावर काचेचा पारदर्शक पेला दाबून पाहायचा. रंग फिका पडला, तर रक्त अजून नळीतच आहे, नळी फक्त फुगली आहे. रंग तसाच राहिला, तर रक्त नळीबाहेर कातडीत झिरपलं आहे. हा दुसरा प्रकार आणि सोबत ताप असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. मेंदूज्वराच्या एका प्रकारात काही तासांत माणूस जातो. वयानुसार छाती-पोटावर येणारे लालबुंद, गोल, तीळासारखे ठिपके वेगळे. ते निरुपद्रवी. माझे ठिपके पेल्याखाली तसेच लाल राहत होते.

शेवटी गेलो. डॉक्टर अगदी तरुण, माझ्या मुलीहून लहान. तिने माझा कागदांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि भिंग घेऊन नडगीवर वाकली. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "अंकल, हर दाना बाल की जड़ के चारों तरफ है." खरंच, प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक केस होता, आणि तो केस बूच काढायच्या स्क्रूसारखा पिळलेला. तिने हिरड्या पाहिल्या. मग विचारलं, "आप खाते क्या हैं?"

मी सांगितलं. सकाळी चहा-टोस्ट. दुपारी वरण-भात किंवा खिचडी. संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री दूध-पोळी. आम्लपित्तामुळे आंबट बंद केलेलं. डॉक्टरने नव्हे, मीच. लिंबू नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही. पालेभाजी निवडायचा कंटाळा. फळं आणली तर एकट्याला संपत नाहीत आणि सडतात, म्हणून आणणंच सोडलं. दिवसाला पाच-सहा सिगारेटी, ही जुनी खोड.

तिने एक तपासणी लिहून दिली आणि म्हणाली, रिपोर्ट येऊ द्या, पण मला हे स्कर्व्ही वाटतं.

मित्रहो, मी खुर्चीत ताठ झालो. कारण नोकरीत असताना बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये तरुण अधिकाऱ्यांसमोर कूतच्या वेढ्यावर मी किती वेळा बोललो असेन त्याचा हिशेब नाही. केसांच्या मुळाशी लाल ठिपके, सुजलेल्या हिरड्या, दुखरे गुडघे, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडणं, हे सगळं मी फळ्यावर लिहून सांगत असे. आणि तेच माझ्या पायावर आलं तेव्हा मी तीन आठवडे दिव्याखाली मोजत बसलो.

आता कूतला जाऊ.

नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून फौज इराकच्या तोंडाशी, फाओला उतरली. त्यात सहावी डिव्हिजन होती, पुण्याची, म्हणून तिला पूना डिव्हिजन म्हणत. या डिव्हिजनच्या तिन्ही ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती: १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, पुणे, नगर इथली पोरं. पुढे १९२२ च्या पुनर्रचनेत याच पलटणी आपल्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बटालियन झाल्या. वर्षभर टायग्रिसच्या काठाने वर सरकत नोव्हेंबर १९१५ मध्ये ही फौज बगदादच्या जवळ टेसिफॉनला पोचली, तिथे जबर मार खाल्ला, आणि मागे सरत ३ डिसेंबरला कूत-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात शिरली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा पुरा केला. तो २९ एप्रिल १९१६ ला, १४७ व्या दिवसाच्या आसपास, शरणागतीने संपला. सेनापती होता मेजर जनरल टाउनशेंड.

वेढ्याच्या लढाईवर आज बोलत नाही. आज फक्त जेवण.

आत सुमारे दहा हजार लढणारे आणि साडेतीन हजार अनुयायी, म्हणजे भिश्ती, स्वयंपाकी, साईस, डोलीवाले. शिवाय गावातले हजारो अरब. गोऱ्या सोल्जरांना मैद्याचा पाव आणि मांस. हिंदी शिपायांना आटा, डाळ, तूप. तूप संपलं, डाळ संपली, आटा कमी होत गेला. जानेवारीच्या अखेरीस घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. शेवटी शेवटी माणशी रोज चार औंस पीठ, म्हणजे सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांतून पोती टाकली गेली. वेढलेल्या फौजेला आकाशातून रसद देण्याचा जगातला तो पहिला मोठा प्रयत्न. पण तेव्हाची विमानं ती काय आणि त्यांत मावणार किती. काही पोती नदीत, काही तुर्कांकडे.

या वेढ्यात एक विचित्र गोष्ट घडली, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत कूतचं नाव आलं ते त्यासाठी. एकाच गावात, एकाच नदीचं पाणी पिऊन, एकाच फौजेचे दोन भाग दोन वेगळ्या रोगांनी पडले. गोऱ्यांना बेरीबेरी झाली: पाय सुजणं, हातापायांतलं बळ जाणं. हिंदी शिपायांना बेरीबेरी जवळजवळ नाही, त्यांना स्कर्व्ही. हजारच्या आसपास शिपाई केवळ स्कर्व्हीने कूतच्या इस्पितळात आले, आणि तिथे इस्पितळ म्हणजे बाजारातल्या दुकानांच्या ओळी. गोऱ्यांत स्कर्व्ही जवळजवळ नाही.

आज आपल्याला याचं उत्तर शाळेच्या पुस्तकातच मिळतं. आट्यात कोंडा असतो, त्यात ब-१ जीवनसत्त्व. मैद्यात ते चाळून गेलेलं. म्हणून आटा खाणारे बेरीबेरीतून वाचले. मैदा संपून गोऱ्यांनाही जवाचं पीठ आणि आटा मिळू लागला, तेव्हा त्यांची बेरीबेरी हटली. आणि ताज्या मांसात थोडं का होईना, क जीवनसत्त्व असतं. घोडा खाणाऱ्यांना ते पुरलं. न खाणाऱ्यांना नाही.

क जीवनसत्त्व नसलं की शरीराला कोलाजन नीट बांधता येत नाही. कोलाजन म्हणजे विटांमधला चुना समजा. तो गेला की सगळ्यांत आधी सगळ्यांत बारीक भिंती पाझरतात, त्या केशवाहिन्यांच्या. पायात रक्ताचा भार जास्त, म्हणून ठिपके आधी पायावर. हे किती दिवसांत होतं? १९३९ मध्ये अमेरिकेत बॉस्टनचा जॉन क्रँडन नावाचा एक तरुण सर्जन स्वतःवरच प्रयोग करून बसला. क जीवनसत्त्व नसलेला आहार त्याने सहा महिने घेतला. केसांच्या मुळाशी खरखरीत पुटकुळ्या आल्या साधारण साडेचार महिन्यांनी, आणि लाल ठिपके १६१ व्या दिवशी.

हा आकडा मी पूर्वीही वाचला होता. या वेळी तो वाचताना थांबलो. क्रँडन धडधाकट, पोटभर जेवून सुरुवात करणारा माणूस. त्याला १६१ दिवस लागले. कूतचा वेढा एकूण १४७ दिवसांचा, आणि स्कर्व्हीचे शिपाई शेवटच्या दिवसापर्यंत थांबले नव्हते, ते आधीपासूनच येत होते. म्हणजे वेढा पडला तेव्हाच त्यांच्या अंगातला साठा आटत आलेला असणार. ठिपके कूतमध्ये उमटले, पण सुरुवात कूतच्या आधीची.

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे.

कूतची जी वर्णनं आपण वाचतो ती बहुतेक सगळी इंग्रज अधिकाऱ्यांची. त्यांत एक वाक्य फिरून फिरून येतं: शिपायांनी धर्मापायी घोडा खायला नकार दिला, म्हणून त्यांना स्कर्व्ही झाली. घटना खरी आहे. टाउनशेंडने बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातल्या धर्मप्रमुखांची परवानगी मागवली, ती आली, तरी बहुतेक शिपाई मानले नाहीत. एप्रिलमध्ये, खायला काही उरलं नाही आणि न खाणाऱ्यांची बढती रोखण्याची ताकीद निघाली, तेव्हा हजारोंनी खाल्लं. मीसुद्धा वर्गात हेच सांगत असे, आणि वर एक वाक्य जोडत असे: जवानाने हट्ट केला की कमांडर हरतो. वर्ग हसायचा.

पण हट्ट म्हणजे काय होता तो? साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. घराघरातला एकजण फौजेत, ही तिथली रीत आजची नाही, पहिल्या महायुद्धाच्याही आधीची. अशा गावात, १९१६ साली, घोडा खाऊन परतलेल्या माणसाच्या बहिणीचं लग्न कुठे ठरणार होतं? पंडितांची तार कूतला आली, गावच्या पंगतीला थोडीच आली. शिपाई धर्मशास्त्राला भीत नव्हता, घरच्यांच्या वाट्याला काय येईल याला भीत होता.

आणि समजा, हा हट्ट सोडून द्या. खरा पुरावा कूतच्या बाहेर आहे. कूत पडल्यानंतर, १९१६ च्या उत्तरार्धात, इराकमधल्या उरलेल्या हिंदी फौजेत स्कर्व्हीचे अकरा हजारांच्या आसपास रुग्ण झाले. अकरा हजार! त्यांना कुणी वेढलं नव्हतं. त्यांच्यासमोर घोड्याचा प्रश्नच नव्हता. बसऱ्याचं बंदर आपल्या ताब्यात, समुद्र आपल्या ताब्यात, मुंबई बोटीने काही दिवसांवर. तरी कूतच्या दहापट स्कर्व्ही. कारण हिंदी शिपायाचा शिधाच मुळात तोकडा होता. आटा, डाळ, तूप, गूळ. ताजी भाजी कागदावर. नदीतून वर माल न्यायला बोटी नव्हत्या, होत्या त्यांवर आधी दारूगोळा, मग गोऱ्यांचा शिधा, मग आपला. कांदे-बटाटे वाटेतच सडायचे. १९१७ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला, त्यात या मोहिमेच्या वैद्यकीय आणि वाहतूक व्यवस्थेची लक्तरं निघाली, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला.

अकरा हजारांचा आकडाही मला ठाऊक होता. पण कूत एका टिपणात, हा आकडा दुसऱ्या टिपणात. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले नाहीत. गोऱ्या अधिकाऱ्याने आपल्या पलटणीवर ठेवलेला ठपका मी, त्याच पलटणीचा वारस, वीस वर्षं पुढे वाचून दाखवत राहिलो.

आता या गोष्टीचा सगळ्यांत गमतीचा भाग. गमतीचा म्हणायचं आणि पोटात कालवाकालव व्हायची, तसा.

स्कर्व्हीवर लिंबू चालतं हे तर ब्रिटिशांना तेव्हाही माहीत होतं. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांवर तपासून पाहिलं होतं, १७९५ पासून त्यांच्या आरमारात लिंबाचा रस मिळत होता. मग इराकमध्ये बाटलीतला लिंबाचा रस दिला, तो का लागू पडला नाही? हा प्रश्न लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक नावाच्या शास्त्रज्ञ बाईंकडे गेला. सोबत मार्गारेट ह्यूम आणि रूथ स्केल्टन. पुरुष युद्धावर, म्हणून प्रयोगशाळा बायकांच्या हाती. त्यांनी गिनीपिगवर प्रयोग केले. गिनीपिग का, तर उंदरांना स्कर्व्ही होत नाही, त्यांचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः बनवतं. गिनीपिगचं बनवत नाही आणि आपलंही नाही. निष्कर्ष असा निघाला की आरमाराने एकोणिसाव्या शतकात गुपचूप लिंबू बदललं होतं. आधी भूमध्य समुद्राकडचं मोठं, पिवळं, जाड सालीचं लिंबू होतं; मग वेस्ट इंडिजमधलं लहान हिरवं, आपल्या कागदी लिंबाच्या जातीचं. ताज्या रसातही त्याची ताकद मोठ्याच्या साधारण पाव, आणि बाटलीत टिकवून ठेवलेल्या रसात जवळजवळ शून्य. आपण दोघांनाही लिंबूच म्हणतो. इंग्रजीत नावं वेगळी असूनही त्यांचा घोळ झाला. (घाबरू नका, झाडावरून तोडून पानात पिळलेलं कागदी लिंबू आपल्या कामाला पुरतं.)

मग चिकबाईंनी विचारलं, हिंदी शिपायाला जे सवयीचं आहे आणि बोटीत सडत नाही, असं काय आहे? आणि लंडनच्या त्या प्रयोगशाळेत काय काय पोचलं पाहा: चिंच, आमचूर आणि आमसूल. कोकम! १९१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात या तिघांवर त्यांचा निबंध छापून आला. ताज्या फळाची सर त्यांतल्या कशालाच नव्हती. रत्नागिरीच्या शिपायाच्या आईने सोलकढीत टाकलेलं आमसूल लंडनमध्ये गिनीपिगला भरवत होते, याचं मला अजून हसू येतं.

पण जे चाललं, ते ऐका. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. तेच कडधान्य एक दिवस भिजवा, दोन दिवस ओल्या फडक्यात बांधून ठेवा, मोड आले की ते तयार होतं. नॉर्वेच्या फ्युर्स्टने हे १९१२ मध्येच गिनीपिगवर दाखवलं होतं. चिकबाईंनी ते पुन्हा तपासलं आणि फौजेला सांगितलं की हिंदी शिपायांना मोड आलेलं कडधान्य द्या, आणि फार शिजवू नका. सर्बियन सैनिकांतल्या स्कर्व्हीच्या रुग्णांवर विल्टशायर या डॉक्टरने एका गटाला लिंबाचा रस आणि दुसऱ्याला मोड आलेला घेवडा देऊन पाहिला. मोडांचा गट लिंबाच्या गटापेक्षा थोडा सरसच निघाला. एक अट मात्र चिकबाईंनी आवर्जून घातली: कडधान्य अख्खं, सालासकट हवं. फोडलेल्या डाळीला मोड येत नाहीत.

आणि फौज शिपायाला देत होती डाळ.

मटकी, मूग, वाल, हरभरा. उसळ. आपल्या गावाकडच्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने फडक्यात कसं बांधायचं ते सांगितलं असतं. क जीवनसत्त्व तिला माहीत नव्हतं, मोड माहीत होते. कूतमध्ये वेढ्याच्या शेवटी अख्खं कडधान्य असतं की नसतं हा भाग वेगळा, तिथे कशाचाच भरवसा नव्हता. तिथले मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर यांनी शेवटी रानातली पालेभाजी, गवत, जे हिरवं दिसेल ते गोळा करून शिजवायला लावलं. भाजीच्या बियाही पेरल्या होत्या. पण बसऱ्यात? अमाऱ्यात? तिथे एक पोतं अख्खा हरभरा, एक बादली आणि एक गोणपाट, एवढ्यावर काम भागलं असतं. १९१७ पासून शिधा सुधारला, फौजेने स्वतःचे भाजीचे मळे लावले आणि स्कर्व्ही झपाट्याने उतरली. कूतच्या कैद्यांना त्याचा काय उपयोग. त्यांतले बरेच हिंदी शिपाई तोवर रस-अल-ऐनच्या बाजूला तुर्कांच्या बगदाद रेल्वेसाठी माती खणत होते, आणि हजारो परत आलेच नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सोल्जरांची नावं आहेत. हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांची पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या आहे.

हॅरिएट चिक १०२ वर्षं जगल्या, १९७७ पर्यंत. आणि क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं काढता आलं ते १९३० च्या दशकात हंगेरीच्या सेगेदमध्ये, तिथल्या मिरचीतून. सेंट-ज्यॉर्जी यांना १९३७ चं नोबेल मिळालं. ठेचा खाणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

डेंग्यूचं एक बोलायचं राहिलं. दंडाला रक्तदाबाचा पट्टा पाच मिनिटं आवळून ठेवायचा आणि एक इंच चौकोनात किती ठिपके उमटतात ते मोजायचं, ही डेंग्यूची जुनी चाचणी; २०१८ मध्ये इथे अनेकांनी ती पाहिली असेल. न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड हेस यांनी याच पद्धतीने १९१४ मध्ये स्कर्व्ही झालेल्या तान्ह्या मुलांच्या केशवाहिन्या तपासल्या होत्या. डेंग्यूचं रक्तस्रावी रूप मनिलाला ओळखलं गेलं ते त्यानंतर चाळीस वर्षांनी. खिडकी तीच, आतलं दुखणं वेगळं.

माझा रिपोर्ट आला. डॉक्टरचा अंदाज बरोबर होता. तिने गोळ्या दिल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरड्यांचं रक्त थांबलं, दोन आठवड्यांत ठिपके तांबूस होऊन मावळले. गुडघे अजून दुखतात. ते खरंच वयाचं होतं. "अकेले रहते हैं न?" एवढंच तिने विचारलं होतं. एकटे राहणारे, चहा-टोस्टवर दिवस काढणारे म्हातारे तिच्याकडे मधूनमधून येतात म्हणे. मुलीला मी फोन करून सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग रागावली, मग तिने मला उसळीची फोडणी सांगितली. मला वाटलं होतं मला येते. आधी कांदा की आधी मोहरी इथपासून सुरुवात होती.

त्या दिवशी बाजारातून अर्धा किलो मटकी आणली. कुठलं फडकं घ्यावं कळेना, पत्नीच्या सुती ओढणीचा तुकडा घेतला, भिजवलेली मटकी बांधून स्वयंपाकघराच्या खिडकीच्या दांडीला टांगली. श्रावणाची हवा, मोड दुसऱ्याच संध्याकाळी आले. अर्धा किलो एकट्याला फार होते हे नंतर लक्षात आलं. तीन शेजाऱ्यांना वाटली.

पुढच्या भागात टेसिफॉन. २२ नोव्हेंबर १९१५ च्या सकाळपासून सुरुवात करू, तेव्हा नकाशा जवळ ठेवा. नमस्कार.